रक्तगट जुळतो, मग बोन मॅरो का जुळत नाही? समजून घेऊ या ‘एचएलए’

नावडे : नावडे आणि तळोज्यातल्या घरांना खारघर काही लांब नाही. पेंधरहून मेट्रो पकडली की थोड्या वेळात खारघर येतं. तिथल्या सेक्टर २२ मध्ये टाटा मेमोरियल सेंटरचं ‘ॲक्ट्रेक’ आहे आणि टाटाचा बोन मॅरो ट्रान्सप्लांट विभागही आता तिथेच आहे. भारतातला पहिला बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ साली टाटा मेमोरियलमध्येच, डॉ. सुरेश अडवाणी यांच्या हातून झाला होता. रायगड, रत्नागिरीकडून उपचारासाठी आलेली माणसं या पट्ट्यात नातेवाइकांकडे उतरतात, महिना-महिना राहतात. अशा घरांत पहिल्या काही दिवसांतच एक शब्द कानावर पडतो : “भावंडांचं एचएलए टायपिंग करून घ्या.”

मग प्रश्न सुरू होतात. अम्मीचा आणि मुलाचा रक्तगट एकच आहे, तरी डॉक्टर अम्मीला “अर्धी मॅच” का म्हणतात? मामू रक्त देऊ शकतात, मग मॅरो का नाही? धाकटी बहीण जुळली आणि थोरला भाऊ नाही, हे कसं? डॉक्टरांकडे वेळ कमी असतो आणि रिपोर्टवर नुसते आकडे असतात. या सगळ्याचं उत्तर एकाच जागी आहे, आपल्या सहाव्या गुणसूत्रावरच्या काही जनुकांत. त्यांचं रोजचं काम काय, हे कळलं की रिपोर्ट वाचणं बरंच सोपं होतं.

दारात ठेवलेलं ताट

समजा एका मोहल्ल्यात असा नियम आहे की प्रत्येक घराने आत जे शिजतंय त्यातला एक-एक घास ताटात घालून दाराबाहेर ठेवायचा. पहारेकरी गल्लीतून फिरतात. घरात शिरायची त्यांना परवानगी नाही, ते फक्त ताट बघतात. ओळखीचं अन्न दिसलं की पुढे जातात. विषारी काही दिसलं तर ते घरच बंद करून टाकतात.

आपल्या शरीरात जवळजवळ प्रत्येक पेशी हेच करते. पेशीच्या आत प्रथिनं तयार होत असतात आणि जुनी प्रथिनं मोडलीही जात असतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांब माळ. पेशीतलं एक यंत्र ही माळ कातरून छोटे तुकडे करतं. त्यातले आठ ते दहा मण्यांचे तुकडे पेशीच्या आतल्या एका बंद खोलीत ओढून नेले जातात. तिथे ते एचएलए नावाच्या प्रथिनाच्या खाचेत बसतात आणि ही जोडी पेशीच्या पृष्ठभागावर येऊन उभी राहते. एचएलए म्हणजे ताट आणि तुकडा म्हणजे घास. पहारेकरी म्हणजे टी पेशी, एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. विज्ञानात या सगळ्याला ‘अँटिजेन प्रेझेंटेशन’ म्हणतात, सोप्या शब्दांत, आतला माल बाहेर दाखवणं.

पेशीत विषाणू शिरला की तो पेशीच्याच यंत्रणेकडून स्वतःची प्रथिनं बनवून घेतो. पण तीही कातरली जातातच. मग ताटात विषाणूचा तुकडा येतो, टी पेशीला तो परका वाटतो आणि ती त्या पेशीला मारून टाकते. चोर घरात दडून बसला तरी त्याच्या जेवणाचा घास दारात दिसतो.

तुकडे आतल्या खोलीत ओढणाऱ्या पंपाचं नाव ‘टॅप’. तो बनवणारी दोन जनुकं, टॅप-१ आणि टॅप-२, एचएलए जनुकांच्या शेजारीच आहेत. टॅप बिघडला तर खोलीत घास पोहोचतच नाहीत, आणि रिकामं ताट पेशी सहसा दारात ठेवत नाही. म्हणजे एचएलएचं जनुक ठणठणीत असूनही पहाऱ्याचं काम अडतं. अशी मुलं जगात फार थोडी आढळली आहेत, पण आढळली आहेत.

ताटं दोन जातींची असतात. वर वर्णन केलेली पहिली जात, ए, बी आणि सी. ती जवळपास सगळ्या पेशींवर असतात. दुसरी जात डीआर, डीक्यू आणि डीपी. ही फक्त काही खास पेशींवर असतात. या पेशी बाहेरचा माल, म्हणजे मेलेले जंतू वगैरे, गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि दुसऱ्या प्रकारच्या टी पेशींना दाखवतात. त्या टी पेशी स्वतः कुणाला मारत नाहीत, त्या हुकूम सोडतात. अँटिबॉडी बनवा, इकडे या, तिकडे जा. लस घेतल्यावर टिकाऊ अँटिबॉडी तयार होतात त्यातही या दुसऱ्या ताटांचा मोठा वाटा असतो. पुढे एका आजाराचा उल्लेख येईल, म्हणून हा फरक लक्षात ठेवावा.

रक्त चालतं, मॅरो नाही

लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं आणि तिच्यावर एचएलएची ताटंही जवळजवळ नसतात. म्हणून रक्त चढवताना ए, बी, ओ आणि आरएच पाहिलं की बहुतेक वेळा काम भागतं. रक्तगटाची जनुकंच वेगळी, ती दुसऱ्या गुणसूत्रांवर असतात. त्यामुळे रक्तगट सारखा असण्याचा आणि एचएलए जुळण्याचा एकमेकांशी संबंध नाही. उलट एचएलए जुळत असेल तर रक्तगट वेगळा असतानाही बोन मॅरो देता येतो, आणि मग हळूहळू पेशंटचा रक्तगट दात्याचा होतो! हे ऐकून अनेकांना धक्का बसतो, पण तसं होतं.

मॅरोबरोबर नवी प्रतिकारशक्तीच पेशंटच्या शरीरात जाते. दात्याच्या टी पेशी लहानपणापासून स्वतःच्या ताटांवर शिकलेल्या असतात. नव्या घरात वेगळ्या घडणीची ताटं दिसली की त्या त्यांना शत्रूची समजतात आणि पेशंटच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करतात. उलट बाजूने पेशंटच्या उरलेल्या पेशी दात्याच्या पेशींना हाकलू पाहतात. मॅचिंगचा एवढा आग्रह धरतात तो यासाठी.

खरं तर एचएलएचा शोधच या भांडणातून लागला. फ्रान्सचे डॉक्टर ज्याँ दॉसे यांनी १९५८ मध्ये पाहिलं की ज्यांना पुष्कळ वेळा रक्त चढवलंय त्यांच्या रक्तात दुसऱ्यांच्या पांढऱ्या पेशींना चिकटणाऱ्या अँटिबॉडी तयार होतात. त्यावरून पांढऱ्या पेशींवरची पहिली एचएलए खूण सापडली. दॉसे यांना १९८० चं नोबेल मिळालं, बारूख बेनासेराफ आणि जॉर्ज स्नेल यांच्यासोबत. पण ही खूण शरीरात असते तरी कशाला? कुदरतीने माणसाच्या पेशींवर ट्रान्सप्लांट अडवण्यासाठी तर काही ठेवलं नसणार. त्याचं उत्तर १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी उंदरांवरच्या प्रयोगातून दिलं. टी पेशी नुसता विषाणू ओळखत नाही, तर आपल्या ताटातला विषाणू ओळखते. दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशीत तोच विषाणू असला तरी ती बघत नाही. या दोघांना १९९६ मध्ये नोबेल मिळालं.

प्रत्येकाचं ताट वेगळं का?

रक्तगट मोजकेच असतात. एचएलएची नोंदलेली रूपं ४० हजारांच्या पुढे गेली आहेत. मानवी शरीरात इतकी विविधता असलेली दुसरी जनुकं नाहीत.

त्यामागे कारण आहे. खाचेचा आकार जसा, तसेच तुकडे त्यात बसतात. एखाद्या विषाणूचा तुकडा माझ्या ताटात छान बसेल, तुमच्या ताटात बसणारच नाही. पुढच्या साथीत उलटं होईल. सगळ्या गावाचं ताट एकसारखं असतं तर एका हुशार विषाणूने सगळं गाव उठवलं असतं. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असा दुहेरी संच मिळतो, तोही यात कामी येतो. जितकी जास्त प्रकारची ताटं, तितके जास्त तुकडे दिसणार.

ताटाच्या आकाराची किंमतही मोजावी लागते. तरुण मुलाची कंबर सकाळी आखडते, चालायला लागल्यावर सुटते, अशी तक्रार घेऊन गेलं की डॉक्टर ‘एचएलए-बी२७’ ही टेस्ट लिहून देतात. बी२७ हे बी ताटाचंच एक रूप आहे आणि मणक्याच्या एका आजाराशी त्याचा जवळचा संबंध आहे. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे आजार झालाच, असं मात्र नाही. बी२७ असलेल्या बहुतेकांना तो आजार आयुष्यात कधीच होत नाही. इंटरनेटवर वाचून घाबरण्यापेक्षा हाडांच्या किंवा संधिवाताच्या डॉक्टरांना विचारलेलं बरं.

भावंडांचं गणित

आता मूळ प्रश्न. एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर इतकी जवळजवळ आहेत की ती बहुधा एकगठ्ठा खाली येतात. वडिलांकडे दोन गठ्ठे, त्यांना क आणि ख म्हणू. अम्मीकडे ग आणि घ. प्रत्येक मुलाला वडिलांचा एक आणि अम्मीचा एक मिळतो. म्हणून मुलं चार प्रकारची होतात : कग, कघ, खग, खघ. आजारी मूल ‘कग’ असेल तर वडील त्याच्याशी अर्धेच जुळतात, अम्मीही अर्धीच. पूर्ण जुळायला भावंडही ‘कग’च लागतं आणि त्याची शक्यता चारात एक.

ही शक्यता दर भावंडाला नव्याने मोजायची. एक भावंड असेल तर २५ टक्के, दोन असतील तर त्यांपैकी निदान एक जुळण्याची ४४ टक्के, तीन असतील तर ५८ टक्के. चार भावंडं आहेत म्हणजे एक जुळणारच, असं धरून चालू नये. आणि पहिलं जुळलं नाही म्हणून दुसऱ्याची तपासणी टाळूही नये. टायपिंगला थोडं रक्त किंवा गालाच्या आतून कापसाने घेतलेला नमुना पुरतो.

जाता जाता एक गोष्ट, कारण आपल्या घरांत ती विचारली जाते. दूधभाऊ किंवा दूधबहीण शरीअतमध्ये भावंडासारखी धरली जाते, निकाहला ती हराम. पण एचएलए दुधातून उतरत नाही. दूधभाऊ टायपिंगच्या हिशेबात परका माणूसच आहे. सावत्र भावंडं जास्तीत जास्त अर्धी जुळतात, कारण त्यांचा आई-वडिलांपैकी एकच जण सारखा असतो. (त्यांचे दुसरे पालक आपसात नात्यातले असतील तर गोष्ट वेगळी.) म्हणून समुपदेशक “सख्खं की सावत्र” असं खोदून विचारतात तेव्हा मानापमान करू नये.

आता नात्यातल्या लग्नांचं. आपल्याकडे खाला-मामूंच्या, चाचा-फुफूंच्या मुलांमध्ये निकाह होतात. महाराष्ट्रात बऱ्याच हिंदू समाजांतही मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे, तेव्हा हा एकट्या आपला विषय नाही. चुलत-मावस-मामे भावंडांच्या चार जोडप्यांपैकी साधारण एका जोडप्यात नवरा-बायकोकडे आजी-आजोबांकडून आलेला एचएलएचा एक गठ्ठा सारखा असतो. समजा वडील कख आणि अम्मी कग. मुलाला वडिलांकडून ख आणि अम्मीकडून क मिळाला तर मूल झालं कख, म्हणजे हुबेहूब वडिलांसारखं! वडीलच पूर्ण मॅच. अशा कुटुंबात अम्मी-अब्बांचं टायपिंगही नीट बघतात, आणि काही वेळा चाचा, खाला, चुलत भावंडांतही दाता सापडतो. म्हणून लग्न नात्यात झालं असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावं. लाजायचं कारण नाही, त्यात पेशंटचा फायदाच असू शकतो.

त्याच नाण्याची दुसरी बाजू

परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, आयसीएमआरची. डॉक्टर तिला एनआयआयएच म्हणतात. या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये भारतातल्या पाच मुलांची माहिती एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडली. या मुलांमध्ये दुसऱ्या जातीची ताटं, म्हणजे डीआर, डीक्यू आणि डीपी, पेशींवर येतच नव्हती किंवा फार कमी येत होती.

या आजाराची खुबी अशी की ताटाचं जनुक साबूत असतं. बिघाड असतो तो त्याला चालू करणाऱ्या जनुकांत. या जनुकांची नावं सीआयआयटीए, आरएफएक्स-५, आरएफएक्स-एपी आणि आरएफएक्स-एएनके. यांतलं कुठलंही एक बंद पडलं तरी कपाटात ताटं असून कपाटाला कुलूप. हुकूम सोडणाऱ्या टी पेशींना दाखवायला काही उरत नाही. त्यांची संख्याही घटते. बाळ जन्मतः छान दिसतं. मग काही महिन्यांतच वारंवार न्यूमोनिया, न थांबणारे जुलाब, तोंडात बुरशी, वजन न वाढणं. साधी रक्ततपासणी बऱ्याचदा ठीक येते, कारण पांढऱ्या पेशींची एकूण संख्या फार कमी झालेली नसते. खरी गोष्ट फ्लो सायटोमेट्रीत कळते, तिथे पेशीवर डीआर आहे की नाही ते दिसतं. पुरा इलाज म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट. म्हणजे पुन्हा एचएलए जुळवणं आलंच.

हा आजार फार दुर्मीळ आहे. तो होण्यासाठी अम्मी आणि अब्बा दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते. सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या जनुकांचा साधारण आठवा हिस्सा सारखा असतो, त्यामुळे घराण्यात एखादी बिघडलेली प्रत फिरत असेल तर ती दोन्ही बाजूंनी एकाच मुलात येण्याची शक्यता वाढते. थॅलेसेमियाचंही हेच. नात्यातल्या बहुतेक जोडप्यांची मुलं सुदृढ असतात, हेही तितकंच खरं. नात्यात लग्न करावं की करू नये, हा निर्णय घराघरांचा. माझं म्हणणं एवढंच की घराण्यात एखादं मूल लहानपणी वारंवार जंतुसंसर्ग होऊन गेलं असेल, तर त्याच घराण्यात पुढचा रिश्ता जोडण्याआधी आणि पुढच्या बाळाच्या वेळी जनुकीय सल्ला घ्यावा. बिघाड नेमका कोणत्या जनुकात आहे ते एकदा कळलं की पुढच्या गरोदरपणात तपासणी करता येते.

लसींबद्दल गैरसमज नको. बीसीजी, पोलिओ, गोवर, सगळ्या लसी मुलांना वेळेवर द्यायच्याच. फक्त ज्या घरात आधीचं बाळ असं दगावलं आहे, तिथे पुढच्या बाळाला जन्मतः बीसीजी देण्याआधी ते डॉक्टरांना सांगायचं. ती जिवंत जंतूची लस आहे, आणि ज्या बाळाची प्रतिकारशक्तीच उभी राहिलेली नाही त्याला ती त्रास देऊ शकते. डॉक्टर तपासणी करून ठरवतील.

भावंड जुळलं नाही तर?

पूर्वी इथे दार बंद व्हायचं. आता अर्ध्या जुळणाऱ्या नातेवाइकाकडूनही, म्हणजे आई, वडील, मुलगा, मुलगी यांच्याकडूनही ट्रान्सप्लांट होतात. मॅरो दिल्यानंतर ठरावीक दिवशी औषध देऊन हल्लेखोर टी पेशी आवरल्या जातात. धोका राहतो, पण मार्ग आहे.

काही ब्लड कॅन्सरमध्ये एचएलएला वळसा घालणारा उपायही आला आहे. कॅन्सरच्या पेशी चलाख असतात, त्या कित्येकदा दारातलं ताटच उचलून आत नेतात म्हणजे टी पेशींना काही दिसू नये. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून बनवलेल्या ‘नेक्सकार१९’ या कार-टी उपचारात पेशंटच्याच टी पेशी बाहेर काढून त्यांना नवा डोळा बसवतात. तो ताटाकडे न बघता पेशीवरची सीडी१९ ही खूण थेट ओळखतो. पेशी पेशंटच्याच असल्यामुळे दाता शोधावा लागत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला भारतात मंजुरी मिळाली. पण तो बी पेशींच्या ठरावीक कॅन्सरसाठी आहे, थॅलेसेमियासाठी नाही.

तिसरा मार्ग दात्यांच्या नोंदवहीचा. चेन्नईची ‘दात्री’ ही संस्था २००९ पासून हे काम करते. १८ ते ५० वयाच्या निरोगी माणसाने गालाच्या आतून कापसाचा नमुना दिला की नाव नोंदवलं जातं. एचएलएचे गठ्ठे समाजासमाजात, प्रदेशाप्रदेशात वेगवेगळे असतात, म्हणून कोकणातल्या पेशंटचा जोडीदार कोकणातल्याच माणसांत सापडण्याची शक्यता जास्त. आपली माणसं नोंदवहीत नसतील तर आपल्या पेशंटला सापडणार कुठून? बहुतेक वेळा दान हाताच्या शिरेतून होतं, प्लेटलेट दिल्यासारखं. आधी पाच दिवस इंजेक्शन घ्यावी लागतात, त्यात अंग दुखतं. दिलेल्या पेशी काही आठवड्यांत भरून येतात.

इथे एक नाजूक गोष्ट. काही घरांत मुलगी जुळली की घरचे मागे सरतात : रिश्त्याच्या वेळी कुणी विचारलं तर? पुढे मूल होईल ना? मॅरो दिल्याने मूल होण्यावर परिणाम होत नाही, तिच्यात काही कमी होत नाही. भावाचा जीव वाचवणाऱ्या मुलीबद्दल कुजबुजणाऱ्या घरात तिला द्यायचं की नाही, याचाच विचार आधी करावा.

थॅलेसेमियाच्या मुलांसाठी केंद्राची, कोल इंडियाच्या पैशावर चालणारी ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजना’ २०१७ पासून आहे. जुळणारा नातेवाईक असेल तर निवडक हॉस्पिटलांत ट्रान्सप्लांटसाठी १० लाखांपर्यंत मदत मिळते. मूल लहान असताना निकाल चांगले येतात, म्हणून भावंडांचं टायपिंग लवकर करून ठेवणं महत्त्वाचं. मुंबई महापालिकेचं बोरिवलीचं थॅलेसेमिया केंद्रही अशा मुलांचे ट्रान्सप्लांट करतं.

पहिल्या भेटीला जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या : सख्खी भावंडं किती आणि वयं काय, अम्मी-अब्बांचं आपसात नातं आहे का आणि असेल तर नेमकं कोणतं, आजवर किती वेळा रक्त चढवलं, आणि घराण्यात कुठलं मूल लहानपणी गेलं असेल तर कोणत्या वयात व कशाने. शेवटचा प्रश्न घरातल्या बुजुर्ग बायकांना विचारा, नानी-दादींना ते तारखेनिशी आठवत असतं.